येसाजी कंडक्टरची आनंदाची बातमी

येसाजी कंडक्टरला गप्प बसलेला कोणी पाहिलेला नव्हता. एसटीतली त्याची अख्खी नोकरी बोर्ली पंचतन–मुंबई गाडीवर गेली. म्हसळा सोडेपर्यंत तिकिटं काढून व्हायची, आणि मग येसाजी दांड्याला टेकून उभा राहायचा आणि गाडीभर गप्पा मारायचा. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचा मुलगा आखातात गेला, कोणाचं ऑपरेशन पनवेलला झालं, सगळं त्याला ठाऊक. आणि त्याच्या घरातलं सगळं गाडीला ठाऊक. त्याची नूतन दहावीला बसली तेव्हा अख्ख्या गाडीनं तिला शुभेच्छा पाठवल्या होत्या. धाकट्या स्वप्निलला गोवर आला तर वाटेतल्या गोरेगावला चढणाऱ्या एका बाईनं दुसऱ्या फेरीला कडुनिंबाचा पाला आणून दिला. ड्रायव्हर बाळाजी, त्याचा जन्माचा जोडीदार, आरशातून मागे बघत ओरडायचा, "येसाजी, माझ्या इंजिनापेक्षा तुझाच आवाज जास्त हाय!"

घरी त्याची बायको कोकिळा होती. ड्यूटी संपवून खारशेतच्या वाडीत परत आला की हातपाय धुऊन तो पडवीत बसायचा आणि दिवसभरातलं सगळं तिला सांगायचा. ती तांदूळ निवडता निवडता ऐकायची. मध्येच मान वर करून म्हणायची, "हे मला सांगितलंत तेवढं पुरे. आता नाक्यावर नको." आणि नवल म्हणजे येसाजी ते ऐकायचा. काय नाक्यावर न्यायचं आणि काय पडवीत ठेवायचं हे कोकिळा ठरवायची. त्याला स्वतःला ते कधीच कळत नव्हतं, आणि कळायची गरजही पडली नाही.

येसाजी निवृत्त झाला आणि पुढच्याच पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन कोकिळा गेली. नूतन लग्न होऊन अलिबागला होती, तिथल्या एका पतसंस्थेत कामाला. स्वप्निल घणसोलीत. दिवसकार्य आटोपून दोघं आपापल्या घरी गेली आणि येसाजी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या घरात बसला. तो मांजराशी बोलायचा. भिंतीवरच्या फोटोशी बोलायचा. शेजारच्या विनेशच्या पडवीत जाऊन बसायचा, पण विनेशला बागायतीची कामं असायची. तो "व्हय, व्हय" करत कुदळ घेऊन उठायचा.

स्वप्निलनं त्याला मोठा फोन आणून दिला तो व्हिडिओवर तोंड दिसावं म्हणून. फेसबुक त्यानंच उघडून दिलं. "बाबा, तुमच्या गाडीतली माणसं भेटतील बघा इथे," म्हणाला.

येसाजीनं पहिल्यांदा टाकला तो अबोलीचा फोटो. खाली लिहिलं, "कोकिळानं लावलेली अबोली आज फुलली. ती असती तर माळली असती." टाकला आणि जेवायला बसला. जेवून उठतो तर फोन थांबायलाच तयार नाही. कोणी दुबईहून, कोणी बोईसरहून, कोणी वाकणहून. "कंडक्टरकाका, ओळखलंत का? मी वेळासचा, कॉलेजला असताना तुमच्याच गाडीनं यायचो." "काकूंच्या हातच्या तांदळाच्या बोरांची पिशवी तुम्ही गाडीत फिरवली होती, आठवतंय." येसाजी एकेक वाचत होता आणि डोळे पुसत होता. जणू गाडी पुन्हा भरली होती आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले होते.

मग तो रोज लिहायला लागला. 'आपली बोर्ली' नावाचा गावाकडच्या माणसांचा एक मोठा ग्रुप होता, त्यातही टाकायचा. करपलेला भात, दुखरा गुडघा, विनेशच्या बकरीनं खाल्लेली मिरचीची रोपं. लोकांना आवडायचं, कारण तो जसा बोलायचा तसंच लिहायचा. दिवसभरात काही घडलं की त्याला वाटायचं, हे आधी सांगायला हवं. पूर्वी सांगायला कोकिळा होती. आता फोन होता, आणि फोन कधीच मान वर करून "नाक्यावर नको" असं म्हणत नव्हता.

एकदा स्वप्निलसाठी मुलगी बघायला ते म्हसळ्याला गेले. संध्याकाळी येसाजीनं लिहिलं, "आज मुलगी बघून आलो. पोहे चांगले होते. मुलगीही चांगली होती. आत्ताच नकार आला. स्वप्निलचे केस थोडे विरळ झालेत एवढंच, बाकी मुलगा निर्व्यसनी हाय, घणसोलीत स्वतःची खोली हाय, सकाळी उठून स्वतः पाणी भरतो. आपलं मत कळवावं."

मतं आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्वप्निलच्या टेबलावर कोणीतरी कांद्याच्या तेलाची बाटली आणून ठेवली होती.

"बाबा," स्वप्निलनं फोन केला, "माझे केस हा गावाचा विषय हाय का?"

"अरे, लोकांनी किती आपुलकीनं लिहिलंय ते बघ तरी. एका बाईनं तर माक्याचं तेल घरी करायची कृती दिलीय."

स्वप्निलला राग आला होता, पण हसूच फुटलं. "तुमच्यापुढे काय बोलायचं," म्हणून त्यानं फोन ठेवला. तेव्हा तो हसला नसता तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं, असं स्वप्निललाच नंतर वाटत राहिलं.

नूतनचं दुखणं वेगळं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पनवेलच्या डॉक्टरांकडे तिचे आणि तिच्या नवऱ्याचे, प्रज्योतचे, खेटे चालू होते. यातलं येसाजीला वरवरचं ठाऊक होतं. आतलं सगळं कोकिळाला ठाऊक असायचं. ती "अलिबागला जाऊन येते" म्हणून जायची आणि परत आली की नूतनबद्दल "बरी हाय" एवढंच सांगायची.

एका दुपारी नूतनचा फोन आला.

"बाबा, घरात कोणी हाय का?"

"मी आणि मांजर."

"एक सांगायचं होतं." "आईला सांगितलं असतं. आता तुम्हालाच सांगते."

येसाजीला न सांगताच कळलं. तो पडवीच्या पायरीवर खाली बसला.

"प्रज्योतच्या आईलाही अजून सांगितलं न्हाय," नूतन म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, तीन महिने होऊ देत. मागे एकदा राहिलं होतं आणि गेलं, तुम्हाला ठाऊक न्हाय. आईला ठाऊक होतं. म्हणून भीती वाटते. कोणालाही सांगू नका, बाबा. माझी शपथ."

"न्हाय गं. कोणाला सांगतोय मी?"

आणि त्यानं खरंच सांगितलं नाही. देवळात नारळ फोडला. गुरवानं विचारलं, "आज काय विशेष?" तर "असंच" म्हणाला. विनेशकडे गेला आणि काही न बोलता परत आला, तेव्हा विनेशच्या बायकोनं तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. बाजारात ओळखीची माणसं दिसली की त्याच्या ओठांवर शब्द येऊन उभे राहायचे. तो घाईघाईनं काहीतरी विकत घ्यायचा आणि वाट धरायचा.

मग एका संध्याकाळी त्यानं कोकिळाची ट्रंक उघडली. धुऊन धुऊन मऊ झालेलं एक सुती लुगडं तळाशी होतं. दुपटी शिवायला याच्यासारखं दुसरं कापड नाही. त्यानं ते बाहेर काढलं, नाकाला लावलं, खाटेवर पसरलं. त्याचा ऊर भरून आला होता आणि घरात कोणी नव्हतं. त्यानं फोटो काढला आणि लिहिलं, "आज मन आनंदात हाय. बातमी काय ते सांगणार न्हाय, लेकीनं शपथ घातलीय. कोकिळाचं हे मऊ लुगडं काढून ठेवलंय. येणाऱ्याला उपयोगी पडेल."

टाकून झाल्यावर त्याला मोकळं वाटलं. शपथही मोडली नव्हती, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"आजोबा होणार! अभिनंदन, काका!" पहिली ओळ आली. मग रांगच लागली. येसाजीनं प्रत्येकाला हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. कोणी विचारलं, "कितवा?" त्यानं लिहिलं, "आत्ताशी सुरुवात हाय."

तळा गावी, नूतनच्या सासरी, एका हळदीच्या कार्यक्रमात प्रज्योतच्या मामेबहिणीनं हातातला फोन पुढे केला आणि भागुबाईंना, म्हणजे नूतनच्या सासूला, विचारलं, "आत्या, आमच्यापासून लपवलंत होय?" भागुबाईंना काहीच माहीत नव्हतं. बायकांच्या समोर त्यांनी कसंबसं हसून साजरं केलं आणि घरी आल्यावर नूतनला फोन लावला. "गावाला कळलं, मला न्हाय कळलं," एवढंच त्या म्हणाल्या.

नूतननं वडिलांना फोन केला तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. "बाबा, ते काढून टाका."

"अगं, मी कुठं काय सांगितलं? एक शब्द तरी दाखव."

"दुपट्यासाठी लुगडं काढलंत, त्याचा फोटो टाकलात. आणखी काय सांगायचं राहिलं?"

त्यानं लगेच काढून टाकलं. पण पतसंस्थेत नूतनच्या काउंटरवर येणारी माणसं पासबुक पुढे सरकवताना गालात हसायला लागली होती. बरोबरच्या मुलींनी तिच्यासाठी चिंचा आणल्या. तिनं त्या घेतल्या, "थँक्यू" म्हणाली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिल्या.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी स्वप्निलचा फोन आला. "बाबा, नूतनचं बाळ राहिलं न्हाय. काल दवाखान्यात होती. आता घरी आणलीय. तुम्ही जाऊन या. पण तिथे जास्त बोलू नका."

येसाजीनं कपडे चढवले. आदल्या दिवशी भिजवलेले वाल होते, ते सोलून बिरडं केलं, डब्यात भरलं आणि दिघीच्या जेट्टीवर येऊन आगरदांड्याची फेरीबोट लागायची वाट बघत बसला. समोर खाडीचं पाणी चकाकत होतं आणि त्याला ते बघवत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. कुणा जुन्या पॅसेंजरनं विचारलं होतं, "लेकीला काय डोहाळे लागलेत, काका?" पाठोपाठ आणखी एकीचा निरोप, "नूतनताईला फोन करते आज, अभिनंदन करायचं राहिलंय."

आज ही माणसं तिला फोन करतील. आज ती काय उत्तर देईल? त्यांना थांबवायला हवं, आत्ताच्या आत्ता. त्याला दुसरा मार्ग सुचला नाही. बाकावर बसून त्यानं लिहिलं, "मंडळी, देवाच्या मनात नव्हतं. लेकीचं बाळ राहिलं न्हाय. कृपा करून कोणी तिचं अभिनंदन करू नका, डोहाळे विचारू नका. तिच्यासाठी प्रार्थना करा." ग्रुपमध्येही टाकलं, म्हणजे कोणी सुटायला नको. मग फोन खिशात घातला, डबा मांडीवर घेतला आणि बोटीत चढला. त्याला वाटत होतं, लेकीच्या दाराला आपण बाहेरून कडी लावून आलो.

अलिबागला पोचेस्तोवर दुपार झाली. दार प्रज्योतनं उघडलं. त्यानं पाया पडायला वाकायचं ते वाकला, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

नूतन सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. केस विंचरलेले नव्हते. तिचा फोन समोरच्या टीपॉयवर होता आणि सारखा उजळत होता.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"अगं, लोक तुला फोन करणार होते. म्हटलं, कोणी चुकून अभिनंदन..."

"वाचून दाखवते," ती म्हणाली आणि तिनं फोन उचलला. "'पपई खाल्ली असेल, आजकालच्या मुली ऐकत नाहीत.' 'स्कूटरवरून कामाला जायची ना ती? मी पाहिलंय.' 'आमच्या माहितीत एक वैद्य आहेत, नंबर देतो.'" ती थांबली. "'भावपूर्ण श्रद्धांजली.' हे तुमच्या गाडीतल्या कोणीतरी लिहिलंय. खाली फुलं आहेत."

"नूतन..."

"ते माझं होतं, बाबा. माझ्या पोटातलं होतं. मला अजून नीट रडायला जमलं न्हाय, आणि एवढी माणसं रडून मोकळी पण झाली."

येसाजीच्या हातात बिरड्याचा डबा तसाच होता. त्याला बोलायचं होतं. आयुष्यभर त्याला कुठेही शब्द कमी पडला नव्हता. तो तोंड उघडून उभा राहिला आणि शब्द आला नाही. नूतन उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

प्रज्योतनं त्याला चहा करून दिला. तो त्याच्यानं अर्धाच पिववला. "बाबा, आज तुम्ही जा," प्रज्योत हळू आवाजात म्हणाला. "तिला वेळ द्या. मी कळवीन." स्टँडवर सोडताना त्यानं सासऱ्याची पिशवी गाडीत चढवून दिली. माणूस चांगला होता.

मग नूतनचे फोन बंद झाले. येसाजीचे ती उचलत नसे. प्रज्योत आठवड्यातून एकदा "बरी आहे" असं लिहून पाठवायचा.

येसाजीनं एक मोठी माफी लिहायला घेतली. दोन दिवस लिहीत होता. चुकलो, बाप म्हणून नालायक ठरलो, लेकीनं मला क्षमा करावी, असं पुष्कळ काही. शनिवारी स्वप्निल आला तेव्हा त्यानं मोठ्या आशेनं ते वाचायला दिलं. "बघ, टाकू ना? ग्रुपमध्ये पण टाकतो."

स्वप्निलनं शेवटपर्यंत वाचलं. "माफी कोणाची मागताय, बाबा?"

"तिचीच की."

"मग ती ग्रुपला कशाला?"

येसाजी त्याच्याकडे बघत राहिला. रागावणं त्याला समजलं असतं. पण स्वप्निल रागावलेला नव्हता, खरंच विचारत होता. लोक वाचतील, 'काका, तुम्ही मनानं मोठे' असं म्हणतील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं, आणि त्याला त्याची केवढी तहान लागली होती हेही त्या क्षणी कळलं. त्यानं फोन स्वप्निलच्या हातात दिला. "काढून टाक. सगळंच काढ."

"अबोलीचा फोटो पण?"

"सगळं."

पण लोकांच्या तोंडातलं कसं काढणार? बोर्लीच्या बाजारात पाऊल टाकलं की कोणीतरी विचारायचं, "नूतन कशी हाय?" पूर्वी त्यानं पिशवी खाली ठेवून सुरुवातीपासून सांगितलं असतं. आता तो "बरी हाय" म्हणून भाजीकडे वळायचा. एक ओळखीची बाई तर मासळीच्या टोपलीपाशी त्याचा हात धरूनच उभी राहिली. वैद्याचा पत्ता, कुठलासा नवस, कोणत्या वारी काय खायचं नाही, सगळं सांगायला लागली. येसाजीनं हात सोडवून घेतला. "ताई, तो तिचा विषय हाय. मला त्यातलं काय बोलायचं न्हाय." त्या बाईला ते लागलं. जन्मात पहिल्यांदा येसाजी कंडक्टरनं कोणाला बोलता बोलता तोडलं होतं. घरी जाताना तो भरभर चालत होता, आपणच काही चोरून आणल्यासारखा.

तळ्याला मात्र तो आपण होऊन गेला. कोणी सांगितलं नव्हतं. भागुबाई ओटीवर सुपात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

"विहीणबाई, माझ्यामुळे तुम्हाला चारचौघींत खाली बघायला लागलं," येसाजी म्हणाला. "तेवढं सांगायला आलोय. चूक झाली माझी."

भागुबाईंनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "राग आला होता, व्याहीबुवा. खोटं कशाला बोलू? भाचीच्या फोनात मला नातवंडाची बातमी कळली." मग सूप खाली ठेवलं. "पण तिच्या पोटातलं गेल्याचं कळलं तेव्हा मी अलिबागला गेले. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरगी बोलत नव्हती, जेवत नव्हती. मग मी तिला माझं सांगितलं."

"तुमचं?"

"प्रज्योतच्या आधी माझी दोन पोटातच गेली. एकाचे तर दिवस भरत आले होते. घरात सासूला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, पण बोलायचं न्हाय असं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी भातलावणीला उभी केली मला. इतकी वर्षं मी ते कोणाजवळ काढलं न्हाय. प्रज्योतलाही न्हाय. ते पण बरं न्हाय हो झालं. आतल्या आत कुजतं माणूस." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "नूतनला सांगितलं आणि ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. इतक्या वर्षांनी."

येसाजी पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत होता. निघताना भागुबाई म्हणाल्या, "हे तुमच्याजवळच ठेवा."

"व्हय," तो म्हणाला. आणि ते त्यानं ठेवलं.

दिवस लांबले. बोलायची सवय काही सुटत नव्हती. मग तो अधूनमधून म्हसळ्याला बाळाजीकडे जायला लागला. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून बाळाजीला आता कमी ऐकू येत होतं, त्यामुळे येसाजीला मोठ्यानं आणि दोनदा सांगावं लागायचं. बाळाजी मध्येच भलतंच काही विचारायचा, दोघं हसायचे. नूतनचं मात्र येसाजी त्याच्यापाशीही काढत नसे. बाळाजीनं एकदाच विचारलं, "लेक बोलते का?" येसाजीनं मानेनंच नाही म्हटलं. बाळाजीनं पुढे काही विचारलं नाही आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मे महिन्यात, अंगणात कोकमं वाळत पडली असताना, नूतन आली. फोन न करता, एकटीच. येसाजी कोकमाची सोलं उलटीपालटी करत होता. तो उठून उभा राहिला, लाल झालेले हात तसेच पुढे धरून.

"ये म्हणायला लागेल का मला?" नूतन म्हणाली.

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. चहा टाकला. कामावर सुट्टी मिळाली का, बोटीला गर्दी होती का, एवढंच विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती, आता विचारतील, मग विचारतील म्हणून. डॉक्टर काय म्हणतात, पुढे काय ठरवलंय. त्यानं काहीच विचारलं नाही. जेवणं झाली. ती आईच्या खाटेवर आडवी झाली आणि तो पडवीत जाऊन बसला.

थोड्या वेळानं तीच बाहेर आली आणि पायरीवर बसली.

"चुकलं माझं," येसाजी म्हणाला. त्यानं पाठ केलेलं खूप होतं, पण निघालं ते एवढंच.

"आई गेल्यावर मला वाटलं, आता सांगायला कोणी उरलं न्हाय," नूतन म्हणाली. "मग वाटलं, बाबा हायत. म्हणून पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं. प्रज्योत म्हणत होता, नको सांगूस. मी त्याच्याशी भांडले होते." ती कोकमांकडे बघत होती. "तुम्ही मुद्दाम केलं न्हाय, ते कळतं मला. तरी राग जात न्हाय, बाबा. कधी जाईल सांगता येत न्हाय."

"राहू दे," तो म्हणाला. "तू येत जा. राग घेऊन ये."

ती दोन दिवस राहिली. सोलं भरायला तिनं मदत केली.

त्यानंतर ती फोन उचलायला लागली. बोलणं पावसापाण्याचं, स्वप्निलच्या लग्नाचं. स्वप्निलचं जमलं तेव्हा कोणालाही कळायच्या आधी येसाजीला कळलं होतं आणि साखरपुडा होईपर्यंत विनेशच्या बायकोलासुद्धा पत्ता लागला नव्हता. लग्नात त्या शेजारणीनं तो राग बोलून दाखवला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर येसाजी अलिबागला गेला. दार नूतननंच उघडलं. ती सैल गाऊनमध्ये होती, एक हात कमरेवर. येसाजी उंबऱ्याबाहेरच थबकला.

"सहावा लागलाय," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं न्हाय."

सोफ्यावर भागुबाई बसल्या होत्या, लसूण सोलत. त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं. लेकीच्या घरातली ही बातमी सगळ्यांत शेवटी त्याच्यापर्यंत आली होती, आणि ती अशी का आली हे त्याला ठाऊक होतं.

"बरं केलंस," तो म्हणाला. मग चपला काढून आत आला. "पाठीला उशी घे. अशी उभी राहू नकोस."

नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं आणि उशी घेतली.

मुलगी झाली. येसाजी अलिबागला गेला, तिला हातात घेतलं, मान कशी धरायची ते भागुबाईंनी त्याला दाखवलं. परत आला तेव्हा प्रज्योतनं फोटो पाठवला होता. टोपडं घातलेलं, डोळे घट्ट मिटलेलं बाळ. येसाजी तो घरात बघायचा, बघून झाला की फोन कपाटात ठेवायचा. बाजारात कोणी विचारलं तर "सुखरूप हायत दोघी" म्हणायचा आणि पुढे जायचा. फोटो कोणी मागितला तरी काढत नसे.

काही दिवसांनी त्यानं नूतनला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं तरी ठेवेना.

"काय हाय, बाबा?"

"बाळाजीकडे चाललोय उद्या," तो म्हणाला. "म्हटलं, तुला विचारावं. त्याला फोटो दाखवू का? नुसता दाखवीन. पाठवणार न्हाय."

पलीकडे नूतन हसली, मोकळी, आई असताना हसायची तशी.

"दाखवा, बाबा. बाळाजीकाकांना दाखवा."

म्हसळ्याला बाळाजीनं चष्मा शोधला, सापडेना म्हणून बायकोला हाक मारली, अखेर लावला आणि फोन लांब धरून, मग जवळ आणून, कितीतरी वेळ बघितलं.

"कोणावर गेलीय?" येसाजीनं मोठ्यानं विचारलं.

"झोपलीय," बाळाजी म्हणाला.

"अरे, कोणावर गेलीय विचारतोय!"

"गप्प हाय म्हणजे तुझ्यावर न्हाय," बाळाजी म्हणाला, आणि दोघंही खोकला येईपर्यंत हसले.